लिनक्स लॅपटॉपवर ऑफलाइन रूट प्लॅनिंग: खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी पहिल्यापासून

गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा फक्त मोबाइलच्या ॲपमध्ये उतरवता येतो. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ती सोयच नाही, मग लिनक्स असो नाहीतर विंडोज. हे पहिलेच सांगून टाकतो, कारण लिनक्सवर नवीन आलेला माणूस दोन दिवस तेच शोधत बसतो, मग चिडतो, मग म्हणतो लिनक्सवर काहीच होत नाही. होतं भो, मस्त होतं, फक्त रस्ता जरा वेगळा आहे.

हे लिहितोय ते रावेर-सावद्याकडून केळी भरून इंदूरच्या पुढे जाणाऱ्यांसाठी, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जुन्या लॅपटॉपवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून बसलेल्या पोरांसाठी, आणि ज्यांची स्वतःची पिकअप किंवा टॅक्सी आहे त्यांच्यासाठी. कोडिंग यायची गरज नाही. एक-दोन ठिकाणी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, लागेल, तेही नको वाटलं तर सोडून द्या, त्याशिवाय पण काम होतं. मेनूची आणि प्रोग्रॅमची नावं मी मराठी अक्षरांत लिहिलीत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि शोधताना पण इंग्रजीतच टाइप करायची.

ऑफलाइन कशाला हे सातपुड्याकडे जाणाऱ्याला विचारू नका. धडगाव, मोलगी, तोरणमाळ, इकडे पालच्या बाजूला, फोनची रेंज कधी असते कधी नसते, आणि नसते तेव्हाच नेमका फाटा येतो. मग काय, गाडी थांबवून शेतातल्या माणसाला "हाऊ रस्ता कथा जास?" (हा रस्ता कुठे जातो?) विचारायचं. ते तर करायचंच, त्याला कोणतंच सॉफ्टवेअर पर्याय नाही, पण घरून निघतानाच रस्ता हातात असेल तर विचारायला पण सोपं जातं.

आधी ठरवा, प्लॅनिंग पाहिजे का नेव्हिगेशन

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅनिंग म्हणजे घरी किंवा ऑफिसात बसून रस्ता आखणं, कुठून वळायचं, कोणता घाट टाळायचा, किती किलोमीटर पडतील, डिझेलचा अंदाज. नेव्हिगेशन म्हणजे गाडी चालू असताना "पुढे डावीकडे वळा" असं सांगणारं. लिनक्स लॅपटॉप पहिल्या कामाला एकदम भारी आहे, मोठी स्क्रीन, माउस, आरामात बघता येतं. दुसऱ्या कामाला पण चालतो पण डॅशबोर्डवर लॅपटॉप ठेवून गाडी चालवणं हा प्रकार मला पटत नाही, बाजूला क्लिनर किंवा घरचा कोणी बसून बघणार असेल तर गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमात हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त रस्ता बघायला वापरता येतं, ते पण लक्ष विचलित न होता. म्हणून माझं साधं म्हणणं: आखणी लॅपटॉपवर करा, तयार रस्ता फोनमध्ये टाका, आणि फोन स्टँडला लावून निघा. खालचा सगळा लेख त्याच हिशोबाने आहे.

सॉफ्टवेअर नंतर, नकाशाचा तुकडा आधी

सगळे जण पहिले विचारतात कोणतं सॉफ्टवेअर चांगलं. खरा घोळ तिथे होतच नाही, तो डेटा उतरवताना होतो, आणि आपल्या खान्देशात तर जरा जास्तच होतो, का ते सांगतो.

लिनक्सवरची जवळपास सगळी ऑफलाइन सॉफ्टवेअरं ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात. २००४ मध्ये सुरू झालेला हा प्रोजेक्ट, जगभरातले लोक मिळून नकाशा काढतात आणि तो कोणालाही फुकट उतरवता येतो. पण उतरवताना दोन गोष्टी लागतात हे नवीन माणसाला माहीत नसतं. एक, डोळ्यांना दिसणारा नकाशा, म्हणजे चित्र. दुसरी, रस्ता शोधायचा डेटा, म्हणजे कोणता रस्ता कुठे जुळतो, कुठे वन-वे आहे, कुठे गाडी जाते. काही सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही एकत्र येतात, काहींत वेगवेगळ्या टाकाव्या लागतात. नकाशा छान दिसतोय पण रस्ताच काढत नाही, ही जी तक्रार असते ती बहुतेक वेळा एवढीच असते, चित्र आहे, दुसरी फाइल नाही.

आता खान्देशची गंमत. कच्चा डेटा देणारी एक नामी साइट आहे जिओफॅब्रिक, तिच्यावर भारताचे सहा झोन केलेले आहेत. महाराष्ट्र, गुजरात, गोवा हे वेस्टर्न झोनमध्ये. मध्य प्रदेश मात्र सेंट्रल झोनमध्ये. पुण्यातल्या माणसाने नुसता वेस्टर्न झोन घेतला तर त्याचं भागतं, आपलं नाही भागत. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर लागलं की झोन बदलला. शिरपूरच्या पुढे पळासनेर सोडून सेंधव्याकडे निघालं की बदलला. नुसता वेस्टर्न झोन टाकला की रस्ता हद्दीवर येऊन तुटतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं नो रूट फाउंड, आणि माणूस समजतो सॉफ्टवेअर खराब. नवापूर-सुरतवाल्यांना हा त्रास नाही, गुजरात वेस्टर्नमध्येच आहे.

दुसरी गंमत बीराउटर नावाच्या, रस्ता शोधून देणाऱ्या इंजिनची, ज्याच्याबद्दल खाली सांगतो. त्याच्या फाइली राज्याप्रमाणे नसतात, पाच अंश बाय पाच अंशाचे चौकोन असतात, आणि चौकोनाला त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचं नाव असतं, जसं ई ७० एन २०, म्हणजे पूर्व रेखांश ७० आणि उत्तर अक्षांश २० पासून सुरू होणारा. आता ७५ रेखांशाची रेषा बरोबर खान्देशाच्या मधून जाते. नंदुरबार, शहादा, साक्री, धुळे, शिरपूर रेषेच्या पश्चिमेला. अमळनेर, पारोळा, चोपडा, जळगाव, भुसावळ पूर्वेला. चाळीसगाव तर रेषेला खेटूनच आहे. म्हणजे धुळ्याहून अमळनेरला जायला, इतक्या जवळ, तरी दोन फाइली पाहिजेत. आणि खाली २० अक्षांशाची रेषा: नाशिक शहर जवळजवळ तिच्यावरच बसलंय, छत्रपती संभाजीनगर तिच्या खाली, पुणे अर्थातच खाली.

म्हणून डोकं न लावता चार चौकोन घ्या: ई ७० एन २०, ई ७५ एन २०, ई ७० एन १५, ई ७५ एन १५. यात सुरत आलं, इंदूर आलं, नाशिक, मुंबई, पुणे, संभाजीनगर, नागपूर, सगळं आलं. दिल्लीकडे केळी नेणाऱ्यांनी वरचा ई ७५ एन २५ पण घ्यावा.

पायरी १: क्यूमॅपशॅक टाका

प्लॅनिंगसाठी मी नवीन माणसाला क्यूमॅपशॅकच सांगतो. दिसायला जरा जुन्या वळणाचं आहे, पहिल्यांदा उघडलं की खिडक्याच खिडक्या दिसतात आणि कुठे हात घालावा कळत नाही, पण एकदा बसलं की बसलं. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा, सगळ्यांच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावाने शोधलं की सापडतं, इन्स्टॉल दाबा, झालं. सोबत जावा पण टाकून घ्या, डेबियन घराण्यात (डेबियन, उबुंटू, मिंट) डीफॉल्ट-जेआरई नावाचं पॅकेज आहे, बीराउटरला ते लागतं.

हे सगळं चांगल्या नेटवर करा. घरचं वायफाय नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे चहाला जा.

पायरी २: दिसणारा नकाशा

क्यूमॅपशॅकला गार्मिन फॉरमॅटमधला नकाशा आवडतो, ज्याच्या फाइलच्या शेवटी आयएमजी असतं. तो मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग बीबीबाइक एक्स्ट्रॅक्ट. त्या साइटवर जगाचा नकाशा येतो, त्यावर आपल्याला पाहिजे तेवढा चौकोन आखायचा, फॉरमॅटमध्ये गार्मिनपैकी एक निवडायचा, ईमेल टाकायचा, थोड्या वेळाने लिंक येते. चौकोन आखताना कंजूषी करू नका: पश्चिमेला सुरत, पूर्वेला अकोला, वर इंदूर, खाली संभाजीनगर, एवढं धरा. इथे झोनची भानगड नाही, राज्याची हद्द कुठे का असेना, चौकोनात जे आलं ते आलं.

झिप सोडवा, होम फोल्डरमध्ये नकाशे नावाचा एक फोल्डर करून त्यात आयएमजी फाइल ठेवा. मग क्यूमॅपशॅकमध्ये फाइल मेनूत सेटअप मॅप पाथ्स, तिथे तो फोल्डर दाखवा. डावीकडे मॅप्सच्या यादीत नाव येईल, त्यावर राइट क्लिक करून ॲक्टिव्हेट. तरी काही दिसलं नाही तर घाबरू नका, बहुतेक तुम्ही नकाशावर आफ्रिकेजवळच्या समुद्रात कुठेतरी उभे असता. झूम आउट करा, भारत शोधा, जळगावावर या.

पायरी ३: रस्ता शोधणारं इंजिन

इथे दोन पर्याय, राउटिनो आणि बीराउटर. दोन्ही क्यूमॅपशॅकच्या आतूनच चालतात.

नवीन माणसाने बीराउटरपासून सुरुवात करावी, कारण त्याच्या फाइली तयार मिळतात, लॅपटॉपला दळण दळावं लागत नाही. राउटिंगच्या खिडकीत इंजिन म्हणून बीराउटर निवडा, तिथून सेटअपचा विझार्ड उघडतो. त्यात ऑनलाइन का लोकल विचारतं, लोकल निवडा, नाहीतर सगळा उद्योग फुकट. मग ते स्वतःच बीराउटर उतरवतं, प्रोफाइल (कोणत्या वाहनासाठी रस्ता काढायचा ते) विचारतं आणि शेवटी नकाशावर चौकोन दाखवतं, वर सांगितलेले चार तिथे क्लिक करून घ्या.

प्रोफाइलची काळजी घ्या. बीराउटर मुळात सायकलवाल्यांसाठी बनलेलं आहे. ट्रेकिंग नावाचं जे प्रोफाइल आहे ते सायकलचं आहे, नावावरून कळत नाही. ते निवडलेलं राहिलं तर हायवे सोडून शिवाररस्त्याने नेतं, आणि लोक म्हणतात हे काय येड्यासारखं दाखवतंय. गाडीसाठी कार-व्हेरिओ घ्या. मोटरसायकलवाल्यांनी पण तेच घ्यावं, मोपेडचं प्रोफाइल पण आहे म्हणा.

राउटिनो त्यांच्यासाठी, ज्यांना जरा खोलात जायचंय. त्याला जिओफॅब्रिकवरच्या पीबीएफ, म्हणजे कच्च्या डेटाच्या, फाइली लागतात आणि त्यातून डेटाबेस आपल्या लॅपटॉपवर बनवावा लागतो, टूल मेनूत क्रिएट राउटिनो डेटाबेस म्हणून आहे. एक नियम लक्षात ठेवा, दोन वेगवेगळ्या डेटाबेसमधून मिळून एक रस्ता निघत नाही. म्हणून वेस्टर्न आणि सेंट्रल, दोन्ही फाइली एकाच वेळी यादीत टाकून एकच डेटाबेस बनवायचा. पण सेंट्रल झोनमध्ये उत्तर प्रदेश पण येतो, छत्तीसगड येतं, फाइल मोठी होते, आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप घामाघूम होतो.

त्यावर उपाय आहे, इथे मात्र टर्मिनल लागतं. ऑस्मियम-टूल नावाचं छोटं पॅकेज टाका. त्याची मर्ज कमांड दोन्ही झोनच्या फाइली एकत्र करते आणि एक्स्ट्रॅक्ट कमांड त्यातून आपल्याला पाहिजे तो चौकोन कापून देते. चौकोनाचे आकडे पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर या क्रमाने द्यायचे, मध्ये फक्त स्वल्पविराम, स्पेस नाही. खान्देश आणि आजूबाजूसाठी ७२.५, १९.५, ७७.५, २३.५ हे आकडे पुरतात, यात सुरत ते अकोला आणि संभाजीनगर ते इंदूर सगळं बसतं. ही कापलेली फाइल राउटिनोला दिली की साधा लॅपटॉप पण निभावून नेतो. एवढं करायचं का? राउटिनोत कारशिवाय गुड्स असं मालवाहू गाडीचं पण प्रोफाइल आहे, बीराउटरच्या साध्या सेटमध्ये तसं नाही, म्हणून. त्याच यादीत घोडा पण आहे बरं का, सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा घेऊन परत निघणाऱ्यांची सोय झाली.

पण गुड्स निवडलं म्हणजे ट्रकचा रस्ता पक्का मिळाला असं समजू नका. पुलाची उंची किती, वजनाची मर्यादा किती, ही माहिती आपल्याकडच्या नकाशात फार कमी ठिकाणी भरलेली आहे. जे भरलेलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून टाळणार.

पायरी ४: रस्ता आखा

नकाशावर राइट क्लिक, ॲड रूट. मग जिथून निघायचं तिथे क्लिक, मधलं ठिकाण, शेवटचं ठिकाण. वर टूलबारवर ओ, ए, व्ही, टी अशी चार अक्षरं दिसतील, त्यातलं ए पाहिजे, म्हणजे ऑटो-राउटिंग. ओ असेल तर सरळ रेघा मारतं, नदी, डोंगर, काही बघत नाही. राइट क्लिकने आखणी संपवा आणि सेव्ह करा, नाव काहीतरी कळेल असं द्या. रूट वन, रूट टू असली नावं महिन्याभराने कोणाच्याच कामाची नसतात.

गावाचं नाव टाकून शोधायची जी पट्टी आहे ती इंटरनेटवर चालते, ऑफलाइन चालत नाही. म्हणून नेट आहे तोवर नेहमीची ठिकाणं शोधून वेपॉइंट, म्हणजे नकाशावरची खूण, करून ठेवा: जिनिंग, मार्केट यार्ड, वखार, पंप, ओळखीचा ढाबा. नावाच्या स्पेलिंगचा पण ताप आहे, भुसावळ शेवटी डब्ल्यूएएलने पण लिहितात आणि व्हीएएलने पण, आणि वडगाव, पिंप्री, नांद्रा असल्या नावांची गावं तर तालुक्या-तालुक्यात आहेत. अमळनेर म्हटलं तर बीड जिल्ह्यात पण एक निघतं. नावापेक्षा नकाशावर डोळ्याने बघून बोट ठेवलेलं बरं.

पायरी ५: वायफाय बंद करून परीक्षा घ्या

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त गरज हिचीच आहे. नेट पूर्ण बंद करा आणि हे रस्ते काढून बघा.

धुळे ते अमळनेर. निघाला म्हणजे ७५ रेखांशाच्या दोन्ही बाजूंच्या फाइली आल्यात.

चाळीसगाव ते छत्रपती संभाजीनगर. निघाला म्हणजे २० अक्षांशाच्या खालची फाइल आहे.

रावेर ते बऱ्हाणपूर, आणि शिरपूर ते सेंधवा. राउटिनोवाल्यांसाठी खास, निघाले म्हणजे दोन्ही झोन नीट जुळलेत.

शेवटी तुमचा रोजचा, पाठ असलेला रस्ता. सॉफ्टवेअर वेगळीकडून नेत असेल तर का नेतंय ते बघा. कधी त्याला जवळचा पण खराब रस्ता माहीत असतो, कधी नवीन बायपास नकाशात आलेला नसतो, आणि कधी कधी, कबूल करावं लागतं, त्याचंच बरोबर असतं आणि आपण सवयीने लांबून जात असतो.

सॉफ्टवेअरला जे माहीत नसतं

चाळीसगाव-संभाजीनगरचा रस्ता निघाला की तो सरळ कन्नडच्या घाटातून, म्हणजे औट्रम घाटातून निघणार. आणि ट्रकवाल्यांना माहीतच आहे, हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून तिथे जड वाहनांना बंदी आली. नकाशातल्या रस्त्यावर तशी खूण असेल तरच सॉफ्टवेअर टाळेल, नाहीतर खुशाल घाटात घालेल. अशा वेळी आपण स्वतः मध्ये नांदगावचा पॉइंट टाकायचा, की रस्ता आपोआप त्या बाजूने वळतो. जड गाडी नेणाऱ्याने निघायच्या आधी सध्याची स्थिती विचारून घ्यावी, कोर्टाचे आणि प्रशासनाचे आदेश बदलत राहतात. मधला पॉइंट टाकून रस्ता वळवणं हे एकच कौशल्य नीट शिकलात तरी अर्धं काम झालं.

पावसाळ्यात हेच फरशी पुलांचं. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की फरशीवरून पाणी, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो बारमाही रस्ता. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने जायचं तर पावसात दरडीची भीती. नकाशात फरशी पूल वेगळा दाखवलेला असतोच असं नाही. म्हणून माझा सल्ला असा की क्यूमॅपशॅकच्या प्रोजेक्टमध्ये (सेव्ह केलेल्या रस्त्यांचा गठ्ठा) एकाच ठिकाणाला जाणारे दोन रस्ते सेव्ह करा, एक उन्हाळ्या-हिवाळ्याचा, एक पावसाळ्याचा.

वेळेच्या अंदाजावर तर बिलकुल जाऊ नका. सॉफ्टवेअर रस्त्याच्या प्रकारावरून वेग धरतं, सुरत हायवेला कोंडाईबारीच्या घाटात भरलेली गाडी कशी रांगते हे त्याला काय माहीत. किलोमीटर बरोबर धरा, तास आपल्या अनुभवाने लावा.

पायरी ६: फोनमध्ये न्या

क्यूमॅपशॅकमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक, सेव्ह ॲज, फॉरमॅट जीपीएक्स. ही फाइल केबलने किंवा ब्लूटूथने फोनमध्ये टाका आणि ऑस्मअँड या फोनवरच्या ऑफलाइन नकाशा ॲपमध्ये उघडा, त्यात आधी महाराष्ट्र, मध्य प्रदेश, जिकडे जायचं तिकडचा नकाशा उतरवलेला पाहिजे. मग तुम्ही आखलेली रेघ फोनवर जशीच्या तशी दिसते आणि तिच्यावर नेव्हिगेशन लावता येतं. हे जीपीएक्स जवळपास सगळ्यांना वाचता येतं, त्यामुळे ऑफिसात एकाने रस्ता आखला आणि पाच ड्रायव्हरांना पाठवला असं आरामात होतं.

बाकीची सॉफ्टवेअरं, थोडक्यात

ऑरगॅनिक मॅप्स: फोनवर एक नंबर. लिनक्सवर फ्लॅटहबवरून (लिनक्सचं ॲप स्टोअर) मिळतं, नकाशा आणि राउटिंग एकाच डाउनलोडमध्ये, पण डेस्कटॉपची आवृत्ती अजून अर्धीकच्ची आहे, रोजच्या आखणीला मी तिच्यावर अवलंबून राहणार नाही. ज्याला फक्त नकाशा बघायचाय आणि एखादा रस्ता काढायचाय त्याला पुरे.

प्युअर मॅप्स आणि ओएसएम स्काउट सर्व्हर: ही जोडी आहे, दोन्ही फ्लॅटहबवर. सर्व्हर नकाशा, शोध आणि राउटिंग सांभाळतो, प्युअर मॅप्स दाखवतं. लॅपटॉपवरच बोलणारं नेव्हिगेशन पाहिजे असेल तर आजच्या घडीला मला हीच जोडी बरी वाटते. आधी सर्व्हरमध्ये नकाशे उतरवायचे, मग प्युअर मॅप्सच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोफाइल ऑफलाइन करायचं, हे राहून गेलं तर ते नेटच शोधत बसतं. गावाचं नाव ऑफलाइन शोधता येतं हा याचा मोठा फायदा.

नॅव्हिट: फार जुनं, गाडीसाठीच बनवलेलं, जुन्या लॅपटॉपवर पण पळतं. पण सेटिंग सगळी एका एक्सएमएल फाइलमध्ये हाताने लिहावी लागते आणि नकाशा त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावा लागतो, मॅपटूल नावाचं त्याचंच साधन ते करतं. ज्याला असल्या गोष्टींचा नाद आहे त्याने करावं, बाकीच्यांनी लांबून नमस्कार.

ग्नोम मॅप्स: उबुंटूवाल्यांना हे समोरच दिसतं म्हणून विचारतात. नेट गेलं की रस्ता काढत नाही. विषय संपला.

खत-बियाणं घेऊन एका फेरीत पंधरा-वीस गावं करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो, त्यांना कोणत्या क्रमाने गावं घ्यायची ते पाहिजे असतं. वरच्यापैकी क्यूमॅपशॅक ते काम करत नाही, तुम्ही जो क्रम दिला त्याच क्रमाने नेतं. त्यासाठी ओएसआरएम (रस्ता काढणारं) आणि व्हरूम (गावांचा क्रम लावणारं) अशी जोडी लॅपटॉपवर चालवता येते, पण ते नवशिक्याचं काम नाही, कोणीतरी माहितगार पोरगा गाठा.

लॅपटॉपला जीपीएस लावायचं असेल तर

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतंच. लिनक्सवर लोकेशन वायफायच्या अंदाजाने यायचं, ते पण ज्या मोझिलाच्या सर्व्हिसवर चालायचं ती २०२४ मध्ये बंद झाली, त्यामुळे भुसावळला बसून मुंबई दाखवलं तर नवल नाही. यूएसबीचा जीपीएस डोंगल मिळतो, यू-ब्लॉक्स चिपवाला घ्या, लिनक्स त्याला लगेच ओळखतं. जीपीएसडी आणि जीपीएसडी-क्लायंट्स ही दोन पॅकेजं टाका, टर्मिनलमध्ये सीजीपीएस टाइप करा, सॅटेलाइटची यादी आणि अक्षांश-रेखांश दिसले म्हणजे चालू. घरात छताखाली बसून बघू नका, ओट्यावर या, पहिल्यांदा सिग्नल पकडायला काही मिनिटं लागतात. नॅव्हिट जीपीएसडीवरून थेट घेतं. पण परत सांगतो, फोन असताना ही उठाठेव हौस म्हणूनच करावी.

डेटा ताजा ठेवणं आणि वाटणं

जिओफॅब्रिकच्या फाइली रोज ताज्या होतात, तुम्हाला रोज उतरवायची गरज नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा, आणि एक पावसाळा सुरू व्हायच्या आधी, एवढं पुरे. हायवेचं काम चालू आहे त्या पट्ट्यात वरचेवर जाणारे असाल तर थोडं लवकर. बीराउटरचे चौकोन पण त्याच वेळी नवे घ्या, नाहीतर चित्रात बायपास दिसतो आणि रस्ता जुन्या गावातूनच काढतो.

तुमच्या गावाचा रस्ता नकाशात नसेल किंवा चुकीचा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून स्वतः टाकता येतो, ब्राउझरमध्येच, फुकट. सातपुड्यातल्या पाड्यांचे रस्ते असेच कोणीतरी बसून टाकल्याशिवाय येणार नाहीत. फक्त गूगलवर बघून उतरवू नका, ते चालत नाही, स्वतः गेलेल्या रस्त्याचा जीपीएस ट्रॅक असेल तर तो वापरा.

सगळं नीट बसलं की तो नकाशांचा फोल्डर, बीराउटरचा फोल्डर आणि तुमच्या रस्त्यांच्या जीपीएक्स फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दुसऱ्या लॅपटॉपवर परत काही उतरवावं लागत नाही, क्यूमॅपशॅक आणि जावा टाकायचं, फोल्डर कॉपी करायचे आणि सेटिंगमध्ये नवे पाथ दाखवायचे. पाथ दाखवायचं तेवढं विसरू नका, जुन्या लॅपटॉपचं युजरनेम वेगळं असतं.